दोन केबीचं पुस्तक

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी मावशीला छापील पुस्तकातली अक्षरं बारीकच वाटत होती. ई-रीडरवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणून मी तिला एक घेऊन दिला. फारसं नाव नसलेला, स्वस्तातला. पहिलं पुस्तकही मीच ऑनलाइन विकत घेतलं. पैसे कापले गेले, मेल आला, फाइल उतरली. आकार दोन केबी. साडेतीनशे पानांची कादंबरी दोन केबीत कशी मावेल, ही शंका तेव्हाच यायला हवी होती. फाइल रीडरवर टाकली, तर रीडर म्हणाला, ही फाइल उघडता येत नाही.

मावशीनं उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवलेला. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "अरे, हे पुस्तक आहे की पुस्तकाची पावती?"

पावतीच होती ती. अगदी शब्दशः.

त्या फाइलच्या नावापुढे 'एसीएसएम' अशी अक्षरं होती. या प्रकारच्या फाइलमध्ये पुस्तकाचा एक शब्दही नसतो. असते ती चिठ्ठी: अमुक व्यवहार झाला, अमुक पुस्तक, अमुक सर्व्हरवरून द्यावं. ही चिठ्ठी घेऊन तुम्ही संगणकावर 'अडोबी डिजिटल एडिशन्स' नावाच्या प्रोग्रामकडे जायचं. तो चिठ्ठी सर्व्हरला दाखवतो, तिथून खरं पुस्तक आणतो आणि आणतानाच ते तुमच्या अडोबी खात्याला बांधून टाकतो. मग केबलनं ते रीडरवर. पण रीडरही त्याच खात्याशी जोडलेला हवा, आणि मुळात त्या रीडरच्या कंपनीनं अडोबीकडून परवाना घेतलेला हवा. हा परवाना फुकट मिळत नाही. जिथे प्रत्येक भागातून चार पैसे वाचवायचे असतात, तिथे पहिली कात्री अशा न दिसणाऱ्या गोष्टींना लागते. खोक्यावर 'ईपब चालतं' असं छापलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. कुलूप नसलेलं ईपब चालतं. कुलूपवालं चालत नाही, एवढंच छापलेलं नसतं.

ईपब म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. वेबपानं, चित्रं आणि अनुक्रमणिका एका झिप गाठोड्यात बांधली की झालं ईपब. कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, म्हणून अ‍ॅमेझॉनचा किंडल रीडर सोडून जवळजवळ सगळं जग ते वापरतं.

आता कुलूप. याला डीआरएम म्हणतात आणि ते समजायला गणित लागत नाही. अडोबीच्या पद्धतीत पुस्तकातला मजकूर एका किल्लीनं बंद केलेला असतो. ही पुस्तकाची किल्ली. ती उघड्यावर दिली तर कुणीही वाचेल, म्हणून ती एका छोट्या डबीत घालतात आणि त्या डबीला तुमच्या खात्याचं कुलूप लावतात. डबी पुस्तकाबरोबरच येते. ती उघडणारी तुमची खास किल्ली मात्र खातं जोडताना तुमच्या संगणकात किंवा रीडरमध्ये गुपचूप ठेवली गेलेली असते. तुम्ही पान उलटता तेव्हा रीडर आधी डबी उघडतो, मग पुस्तक. सगळं ठीक असेल तर तुम्हाला यातलं काही जाणवतही नाही.

ठीक नसेल तर? खातं वेगळं निघालं, रीडर बदलला, जोडलेल्या यंत्रांची मर्यादा संपली (ती साधारण सहा असते), संगणकाचं घड्याळ मागे पडलं, चिठ्ठीची मुदत उलटून गेली. या सगळ्याला पडद्यावर उत्तर एकच: इंग्रजी कॅपिटल अक्षरांतला एखादा अगम्य कोड. घड्याळ चुकलंय, एवढं साधं वाक्य ते सांगत नाही. दुकानदार म्हणतो रीडरवाल्यांना विचारा, रीडरवाले म्हणतात अडोबीला विचारा, आणि अडोबी म्हणते पुस्तक जिथून घेतलंत त्यांना विचारा. माझे दोन दिवस या तिकाटण्यात गेले. पुस्तक एकाचं, कुलूप दुसऱ्याचं, दार तिसऱ्याचं. गिऱ्हाईक तेवढं चौथं.

या व्यवस्थेत एक मजेशीर विसंगती आहे. कुलूप लावायचं ते ज्याच्यापासून, त्याच माणसाला किल्लीही द्यावी लागते, कारण त्यानं पैसे भरलेत आणि त्याला वाचायचंय. म्हणून किल्ली द्यायची, पण त्याच्याच घरात कुठेतरी लपवून. लपवलेली वस्तू शोधणारे लोक जगात भरपूर आहेत. एका माणसानं एकदा शोधली की ते पुस्तक चोरट्या साइटवर जातं आणि तिथून उतरवणाऱ्याला ना खातं लागत, ना घड्याळ जुळवावं लागत. कुलपाचा जाच होतो तो पैसे भरणाऱ्यालाच. मावशीसारख्या बाईनं चोरीचं पुस्तक उतरवलं असतं तर ते पहिल्या फटक्यात उघडलं असतं. हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाही, पण खरं आहे.

प्रकाशकांची बाजू पोकळ आहे असं मात्र नाही. मराठीत एखाद्या पुस्तकाची आवृत्ती किती प्रतींची निघते, आणि पुस्तक आल्यावर त्याची स्कॅन केलेली पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर किती लवकर फिरते, हे आपण सगळे बघतो. भीती खरी आहे. त्या भीतीवर लावलेला लेप चुकीच्या जागी बसलाय, इतकंच माझं म्हणणं.

किंडलचं राज्य वेगळं. तिथे दुकान, कुलूप आणि रीडर तिन्ही अ‍ॅमेझॉनचंच, त्यामुळे वरचं तिकाटणं होत नाही. सोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ती सोय कुंपणाच्या आतली आहे. अ‍ॅमेझॉननं २००५ साली मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी विकत घेतली आणि किंडलच्या फाइलींचा पाया तिथून आला. २०२२ पासून तुमच्याकडचं ईपब तुम्ही अ‍ॅमेझॉनकडे पाठवून किंडलवर घेऊ शकता, पण ते बिनकुलपाचं हवं. उलट दिशेची वाट मात्र अरुंद होत गेली: विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून केबलनं किंडलमध्ये टाकण्याची सोय २६ फेब्रुवारी २०२५ ला बंद झाली. वाचण्यात त्यानं काही फरक पडला नाही. फक्त फाइल आपल्या हातात यायची, ती येईनाशी झाली.

फाइल हातात असण्यानं काय होतं? हे समजायला थोडं मागे जाऊ.

ई-शाईचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेलं पहिलं वाचन-यंत्र बाजारात आणलं सोनीनं, जपानमध्ये, २००४ साली. नाव 'लिब्रिए'. पडदा बघून लोक थक्क झाले. पण पुस्तकं साठ दिवसांनी आपोआप मिटत. विकत घेतल्यासारखं वाटायचं आणि असायचं वाचनालयासारखं. म्हणजे कुलपाची कटकट या यंत्रांना नंतर चिकटलेली नाही, जन्मतःच आहे.

मग जुलै २००९. अमेरिकेतल्या काही किंडलधारकांना एके दिवशी दिसलं की त्यांनी विकत घेतलेलं ऑर्वेलचं '१९८४' गायब आहे. 'अ‍ॅनिमल फार्म'ही. ज्या प्रकाशकानं ती चढवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून अ‍ॅमेझॉननं दूरवरून ती पुसली आणि पैसे परत केले. पाळत ठेवणाऱ्या सत्तेबद्दलचं पुस्तक, आणि पुसलं कसं तर असं. कुणी कल्पून लिहिलं असतं तर संपादकानं 'फारच ओढूनताणून' म्हणून परत पाठवलं असतं. एका शाळकरी मुलानं त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणं काढली होती, ती पुस्तकाविना निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला आणि कंपनीनं दीड लाख डॉलर देऊन तडजोड केली. अ‍ॅमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली.

तिथे निदान कंपनी जिवंत होती. दुकानच बंद झालं तर? मायक्रोसॉफ्टनं २०१९ च्या एप्रिलमध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि जुलैत विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे सगळ्यांना परत मिळाले. ज्यांनी समासात टिपणं केली होती त्यांना २५ डॉलर जास्त. समासातल्या टिपणांचा भाव तरी त्यामुळे कळला. आपल्याकडे फ्लिपकार्टनं २०१२ साली ई-पुस्तकं विकायला घेतली आणि २०१५ च्या शेवटी त्यातून अंग काढलं. गिऱ्हाइकांना कोबो या परदेशी ई-पुस्तक कंपनीकडे नेण्याची सोय केली गेली. यातल्या कुणी फसवणूक केली असं नाही. धंदा चालला नाही, बंद केला. पण आपल्या गावातलं पुस्तकांचं दुकान बंद पडलं म्हणून आपल्या कपाटातली पुस्तकं कधी कोरी झाली नव्हती.

याचं कारण, ई-पुस्तकाच्या दुकानात आपण बहुतेक वेळा पुस्तक विकत घेतच नाही, वाचायची परवानगी घेतो. बटणावर 'विकत घ्या' असतं आणि अटींमध्ये 'परवाना'. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला की डिजिटल माल विकताना हा परवाना आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. आपल्याकडे तसं सांगण्याची सक्ती असलेला वेगळा कायदा नाही.

मावशीनं मला विचारलेला दुसरा प्रश्न इथेच येतो. "माझं वाचून झालं की शेजारच्या देशपांडे वहिनींना देऊ ना?" छापील पुस्तकाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्ही ते द्या, रद्दीत घाला, अप्पा बळवंत चौकात विका. प्रकाशकाचा हक्क पहिल्या विक्रीबरोबर त्या प्रतीपुरता संपतो. ई-पुस्तकाचं तसं नाही. टॉम काबिनेट नावाच्या एका डच साइटनं वाचून झालेली ई-पुस्तकं विकण्याचा धंदा काढला होता; युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं १९ डिसेंबर २०१९ ला सांगितलं की हे चालणार नाही. कारणही विचार करण्याजोगं आहे: छापील पुस्तक हाताळून जुनं होतं, ई-पुस्तकाची दुसरी प्रत पहिलीइतकीच कोरी असते, त्यामुळे जुना बाजार नव्याला गिळेल. मावशीला मी अर्थातच नाही म्हणून सांगितलं नाही. वहिनींना रीडरच दोन दिवस दे म्हटलं.

मग लोक विचारतात, पैसे भरलेत ना, तर कुलूप काढून टाकलं तर बिघडलं कुठे? अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार कुलूप फोडणं हेच मुळात बेकायदा. सवलती दर तीन वर्षांनी ठरतात. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ अ घातलं गेलं. त्याची भाषा वेगळी आहे. हक्कभंग करण्याच्या हेतूनं जो असं संरक्षण मोडेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कळीचा शब्द 'हेतूनं'. कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी केलेल्या गोष्टींना त्याच कलमात अपवादही आहे. आपलं कलम अमेरिकेपेक्षा मवाळ आहे, एवढं त्यावरून म्हणता येतं. पण दुकानाच्या अटी तुम्ही 'मान्य' म्हणून टिचकी मारलेल्या असतात आणि तो करार निराळा. मी वकील नाही. कुलूप कसं काढायचं हे इथे सांगणारही नाही.

मावशीच्या डोळ्यांमुळे आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, एरवी आली नसती. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांना पुस्तक ऐकायचं असतं, आणि कुलूप ऐकण्याच्याही आड येऊ शकतं. २००९ मध्ये किंडल-२ पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवू लागला, तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनं हरकत घेतली आणि ते बंद ठेवायची मुभा प्रकाशकांना मिळाली. या बाबतीत भारताचं नाव मात्र अभिमानानं घ्यावं: अंधांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करू देणाऱ्या माराकेश कराराला २०१४ साली सगळ्यात आधी मान्यता दिली ती आपण.

असो. पहिल्या पुस्तकाचे पैसे बुडाले असं धरून मी ठरवलं, कुलपाची भानगडच नको. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सगळ्यांसाठी मोकळं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं. त्यांचं एक पुस्तक ईपबमध्ये मिळालं. बिनकुलपाचं, फुकट, कायदेशीर. रीडरवर उघडलंही.

मावशीनं पहिली ओळ वाचली आणि रीडर माझ्याकडे सरकवला. "हे कुणी लिहिलंय? पहिलीतल्या पोरानं?"

वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसल्या होत्या. जोडाक्षरं सुटली होती. प्रत्येक ठिकाणी पाय मोडलेलं अक्षर आणि शेजारी दुसरं, अवघडून उभं. रफार स्वतःचं अक्षर सोडून भलत्याच ठिकाणी.

याचं कारण असं की युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, 'कि' लिहिताना आधी क साठवला जातो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. बोलण्याच्या क्रमानं. पडद्यावर दाखवताना ती उचलून क च्या आधी आणून ठेवायची, हे काम रीडरमधल्या सॉफ्टवेअरचं. इंग्रजीला हे लागतच नाही: एकापुढे एक अक्षरं मांडली की संपलं. देवनागरीत अक्षरं जोडावी लागतात, हलवावी लागतात, एकमेकांवर चढवावी लागतात. हे करणारे तयार आणि फुकट प्रोग्राम आहेत, 'हार्फबझ' हा त्यातला सगळ्यात मोठा. स्वस्त रीडरमध्ये ते बसवलेलं नसतं किंवा फार जुनं असतं, कारण बनवणाऱ्यानं डोळ्यासमोर ठेवलेला वाचक इंग्रजीचा किंवा चिनीचा असतो. नुसता देवनागरी फाँट टाकून हे सुटत नाही. फाँट म्हणजे अक्षरांचे खिळे; ते जुळवणारा जुळारी नसेल तर खिळ्यांचा ढीग मिळतो.

हिंदीत नीट दिसलं म्हणजे मराठीत दिसेलच असंही नाही. आपला ल आणि श वळणानं वेगळा, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला तो र हिंदीला लागतच नाही. तिथे कितीतरी रीडर साधा रफार देऊन मोकळे होतात. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांतला फरक त्यांना काय ठाऊक! लग्नाच्या जेवणात ही गफलत करून बघा.

मग मी म्हटलं पीडीएफ तरी घेऊ, त्यात अक्षरं जशीच्या तशी असतात. तीही खरी गोष्ट, पण पीडीएफ हा पानाचा फोटो समजा. मोठ्या पानाचा फोटो सहा इंचांच्या पडद्यावर आणला की अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि मोठी करायला गेलं की प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायची. ई-शाईचा पडदा सरकवण्यासाठी नसतोच. त्याच्या आत केसाच्या जाडीच्या बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. विजेचा हलका झटका दिला की हवे ते वर येतात आणि मग वीज बंद केली तरी तिथेच थांबतात. म्हणून बॅटरी आठवडे टिकते, आणि म्हणूनच प्रत्येक हालचाल धिम्मी. मधूनमधून पडदा काळा-पांढरा लखलखतो, ते बिघाड म्हणून नाही, मागच्या पानाचं भूत घालवण्यासाठी. स्वस्त यंत्रात मेमरी तुटपुंजी, त्यामुळे दोनशे पानांची स्कॅन केलेली पीडीएफ उघडताना ते श्वास घेत बसतं. शिवाय पडद्यावर इंचाला १६७ ठिपके की ३००, हेही बघा. १६७ मध्ये इंग्रजी चालून जातं; आपले अनुस्वार, रुकार आणि र चे फाटे एकमेकांत मिसळतात.

पीडीएफचं ईपब करून घ्यावं म्हणून 'कॅलिबर' वापरलं. हा प्रोग्राम भारतीय वंशाच्या कोविद गोयल यांनी २००६ पासून उभा केला. सुरुवातही अशाच वैतागातून झाली: त्यांचा सोनीचा रीडर लिनक्स या संगणकप्रणालीवर चालत नव्हता. ई-पुस्तकांची आवराआवर करायला याहून चांगलं काही नाही. पण माझ्या हाती आलं ते इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचं कडबोळं. कारण मराठी छपाई कित्येक वर्षं श्रीलिपीसारख्या फाँटांवर चालली. त्यात संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षर असतं आणि त्यावर चित्र मराठीचं. पानावर सुरेख दिसतं. मजकूर उपसून काढला की चित्र गळून पडतं आणि खालची इंग्रजी खिचडी उरते. दोष कॅलिबरचा नाही.

शेवटी काय केलं? रीडर अँड्रॉइडवर चालणारा होता, हे नशीब. त्यावर 'केओरीडर' हा मोकळा प्रोग्राम टाकला. तो हार्फबझ वापरतो, त्यामुळे वेलांट्या जागेवर आल्या. कोबो आणि पॉकेटबुक या कंपन्यांच्या रीडरांवर आणि काही किंडलांवरही तो बसतो. कुलूपवाली पुस्तकं त्यानंही उघडत नाहीत. त्यासाठी त्या त्या दुकानाचं अ‍ॅप, तेही यंत्राला पेललं तर.

तुम्ही घेणार असाल तर आधी पुस्तकं कुठून घेणार ते ठरवा आणि मग यंत्र बघा. मी उलटं केलं. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं २०१६ पासून आहेत. तीच वाचायची असतील तर सरळ किंडल घ्या, कुंपण मान्य करून. मराठी दुकानांची पुस्तकं बहुधा त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येच उघडतात, तिथे अँड्रॉइडवाला रीडर किंवा साधा टॅब बरा. मोकळं साहित्य वाचायचं असेल तर कुलपाचा प्रश्नच नाही, फक्त मराठी जुळवता येतं का ते तपासा. पुस्तक विकत घेण्याआधी नमुना उतरवून बघा, आणि पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आत स्वतःच्या रीडरवर उघडा, फोनवर नाही.

तपासायला मी एक पानाची ईपब फाइल करून मोबाइलमध्येच ठेवली आहे. कुणी रीडर दाखवला की आधी ती टाकायची. तिच्यात आहेत: किल्ली, विठ्ठल, कर्तृत्व, दुसऱ्या, आचाऱ्याला, आचार्याला, लाल, शाळा. मावशीनं ती यादी वाचली, खिशातलं पेन मागितलं, पडद्यावर लिहिता येत नाही म्हटल्यावर वैतागली, आणि मग तोंडी सांगितलं, "ऱ्हास घाल त्यात. आणि तुझा दुसऱ्या एकदाच आहे, दोन आकारांत घाल, बारीक केल्यावर काय होतं ते कळेल." घातला.